आबांचा शब्द

दोनदा साबण लावून झाला, वजरीनं हलकं घासूनही झालं, तरी आबांच्या डाव्या अंगठ्यावरची जांभळी शाई जाईना. साधनानं त्यांचा हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवला आणि स्टूल ओढून समोर बसली. दुपारचा एक वाजत आला होता. जयदीप त्यांना गाडीतून दारात सोडून, चहाही न घेता निघून गेला होता.

"आबा, बँकेत शाई लावली होय हाताला?"

सोपानरावांनी तिच्याकडे पाहिलं. दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा, डोक्यावर टोपी. बाहेर जायचं म्हणून तिनंच सकाळी त्यांना असं सजवलं होतं.

"हाय," ते म्हणाले.

मागच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ती स्वतःच त्यांना बँकेत घेऊन गेली होती. तिथं काचेच्या एका छोट्या यंत्रावर बोट टेकवायचं असतं. आबांची कंपनीत झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येईनात, म्हणून एकेक करून पाचही टेकवावी लागली होती. शाईची बाटली मात्र तिला तिथं कुठं दिसली नव्हती. यंदा जयदीप आपण होऊन म्हणाला, "ताई, मी नेतो या वेळी. तू किती करशील?" तेव्हा तिला बरं वाटलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं सकाळी दोन तास दार लोटून झोप काढली.

तिनं पाण्यातून हात काढला, टॉवेलनं बोटं एकेक करून टिपली. शाई अंगठ्याच्या रेघांमध्ये उतरून बसली होती.

दोन वर्षांपूर्वी, गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल, सोपानरावांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर नवव्या दिवशी एक शब्द परत आला, आणि तो एकटाच आला. गेलेल्या बायकोचं नाव नाही, देवाचं नाव नाही. 'हाय'. चऱ्होलीतली जुनी माणसं 'आहे' म्हणायला म्हणतात तो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कुणाचा आकडा राहतो, कुणाची एखादी शिवी राहते. समजतं त्यांना पुष्कळ, पण बाहेर यायला एवढं एकच दार उरलंय. मान हलवून दाखवा म्हटलं तर ती भलतीकडेच हलायची, म्हणून तोही मार्ग बंद.

कासारवाडीच्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी साधनानं आधी रजेवर टाकली, मग सोडली. आणि ती हा शब्द शिकत गेली. आखूड, तुटका आला की पाणी. लांबवलेला असला की कूस बदलायची. शेवटी वर चढला की दारात कोण आलंय ते सांग. रात्रीचा वेगळा, जेवतानाचा वेगळा. नात्यातली माणसं भेटायला येत, म्हाताऱ्याचा तोच तो शब्द ऐकून अवघडून जात, मग साधना शेजारी उभी राहून सांगे, "आबा विचारतायत, मुलीचं जमलं का." माणसं तिच्याकडे कौतुकानं बघत. तिलाही ते कौतुक आवडायचं, हे ती कुणाजवळ बोलली नसती.

मागच्या भाड्याच्या खोल्यांत चाकणच्या कारखान्यांत जाणारी कुटुंबं राहत होती. त्यातली बिहारमधल्या छपऱ्याकडची सुनयना पहिल्या आठवड्यात कणकेच्या हातांनी धावत आली होती. "दीदी, बाबूजी को दर्द हो रहा है क्या? कब से हाय-हाय कर रहे हैं." तिच्या बोलीत ते कण्हणं होतं. जयदीपची सहा वर्षांची ओवी व्हिडिओ कॉलवर हात हलवून "हाय आजोबा" म्हणायची आणि पलीकडून "हाय" आलं की खूश व्हायची. घरातल्या मोठ्यांत धड उत्तर देणारे तिला एवढेच वाटायचे.

आणि साधनाची ऋचा. बावीस वर्षांची, जपानी शिकून यंदाच चाकणच्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागलेली. परवाच जेवताना ती आबांना म्हणाली होती, "तुम्हाला आमच्याकडं उद्यापासून घेतील. दिवसभर हेच चाललेलं असतं तिथं."

"ते कसं?" साधनानं विचारलं.

"आमच्या साहेबांना काहीही सांगा, ते म्हणतात हाय. आपली माणसं उड्या मारत बाहेर येतात, काम झालं म्हणून. पण तो दर वेळी होकार नसतो, आई. ऐकतोय, पुढं बोला, एवढंच असतं पुष्कळदा. ते वेगळं काढायचं हेच तर माझं काम. ट्रेनिंगला व्हिएतनामच्या दोघी आल्यात, त्यांच्यात हाय म्हणजे दोन. मोजताना म्हणतात. आणि मशिन बसवायला आलेला चिनी इंजिनियर म्हणाला, त्यांच्यात समुद्र."

"आणि आपल्यात?"

"आपल्यात आबा," ऋचा म्हणाली.

सोपानराव अर्ध्या तोंडानं हसले. भाताचं शीत हनुवटीवर आलं, ते साधनानं टिपलं.

आता तिनं टॉवेल वाळत घातला आणि जयदीपला फोन लावला.

"आबांच्या अंगठ्याला शाई कसली रे?"

पलीकडे ग्राइंडरचा आवाज होता. चिखलीला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. "ते होय. मशिन बंद होतं बँकेत. कागदावर घेतला अंगठा."

"दाखल्याची पावती?"

"माझ्याकडंच राहिली. आणतो रविवारी."

रविवारी तो आला नाही. साधनानंही परत विचारलं नाही. धाकटा भाऊ होता, त्याच्या पाठी हजार कामं होती.

तीन आठवड्यांनी, दळण घेऊन येताना तिला चावडीजवळ नवनाथ भेटला. तलाठी कार्यालयात तो कोतवाल होता, सगळ्या गावाच्या नोटिसा त्याच्याच हातानं फळ्यावर लागायच्या.

"ताई, खालच्या तुकड्याची नोटीस लावलीया बोर्डावर," तो म्हणाला. "तुमास्नी म्हाईतच असंल म्हना."

तिनं डबा कमरेवर घेतला आणि फळ्यापर्यंत गेली. चष्मा घरी राहिला होता, म्हणून कागदाच्या अगदी जवळ जाऊन वाचावं लागलं. बक्षीसपत्र. देणाऱ्याच्या जागी आबांचं पूर्ण नाव. घेणाऱ्याच्या जागी जयदीपचं. हरकत असल्यास पंधरा दिवसांत. दस्त नोंदल्याची तारीख तिनं दोनदा वाचली. त्या दिवशी तिनं दोन तास झोप काढली होती.

वरच्या तुकड्यावर घर होतं, भाड्याच्या खोल्या होत्या. ते सगळं वडिलोपार्जित, त्यात सगळ्यांचं नाव. खालचा तुकडा मात्र आबांचा स्वतःचा. पिंपरीच्या कंपनीत एकतीस वर्षं टर्नरचं काम करून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घेतला होता. नदीच्या बाजूचा, अकरा गुंठे, कडेला विहीर. आजूबाजूला इमारती उठल्या, तरी त्यांनी तिथं मेथी आणि कांद्याची पात लावणं सोडलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी नवऱ्यानं दुसरा संसार थाटला, तेव्हा साधना ऋचाला आणि एका ट्रंकेला घेऊन चऱ्होलीला परत आली. पहिले दोन दिवस ती घरात नीट वागली, आईला स्वयंपाकात मदत केली. तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीच्या कठड्यावर बसून तिला रडू आवरेना. आबा वाफ्यात खुरपत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं खुरप्याची माती अंगठ्यानं काढत म्हणाले, "रडू नगं. ह्यो खालचा तुकडा तुझा हाय." एवढंच. पुन्हा खाली वाकले. त्या एका वाक्यावर साधनानं अकरा वर्षं काढली होती. माहेरी परत आलेल्या बाईकडे लोक ज्या नजरेनं बघतात ती नजर तिनं त्या वाक्याच्या आधारानं परतवली होती. तिथं दोन खोल्या बांधायच्या, पुढच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या, हे तिनं कागदावर आखूनही ठेवलं होतं.

दळणाचा डबा घरात ठेवून तिनं रिक्षा केली आणि चिखली गाठली.

जयदीप तिला बघून उठला. कामगाराला म्हणाला, "मशिन बंद कर जरा." मग त्यानं प्लॅस्टिकची खुर्ची पुसली. ती बसली नाही.

"हयातीचा दाखला," ती म्हणाली.

त्यानं हातमोजे काढले, एकमेकांवर ठेवले. "तो पण काढला, ताई. आधी बँकेत गेलो. मग तिकडं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नेऊ दिलं असतंस?"

तिनं शेडभर नजर फिरवली. तोच पुढं म्हणाला, "या शेडचा करार संपतोय मार्चला. मालक वाढवत नाही. मला जागा लागणारच होती. पण ते असू दे. झालंय ते आबांच्या मर्जीनं झालंय. नोंदणीच्या साहेबांनी त्यांना विचारलं, जयदीपला देताय का, आबा हाय म्हणाले. साक्षीदारांसमोर. डॉक्टरांचा दाखला जोडलाय, समजतं म्हणून."

"पाणी पाहिजे असलं तरी ते हाय म्हणतात. ओवीला हाय म्हणतात. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे की."

"माहीत होतं म्हणूनच नेलंस."

जयदीपनं खाली बघितलं. कामगार दाराशी उभा राहून मोबाइल बघत असल्याचं दाखवत होता. "तुला वाटेल तसं समज," जयदीप हळू म्हणाला. "तू आबांकडं बघतेस, मी बघत नाही, हे मला सगळे ऐकवतात. मी काय बोलणार त्यावर."

घरी आल्यावर ती आबांच्या कॉटशेजारी बसली. त्यांचा डावा हात हातात घेतला. अंगठा आता स्वच्छ होता.

"तुम्हाला फसवलं, आबा," ती म्हणाली. "तुमचाच शब्द वापरून फसवलं. पण मी बघते काय ते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

सोपानराव भिंतीकडे बघत राहिले. त्यांना फार लागलं असावं, असं तिला वाटलं. तिनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि दुसऱ्या दिवशी हरकतीचा अर्ज लिहून दिला. तिचं अक्षर सुंदर होतं. अर्जात कुठं खाडाखोड नव्हती.

सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांपुढं होती. ऋचानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली, नवनाथनं चाकाची खुर्ची पायऱ्यांवरून उचलायला हात दिला. जयदीप आधीच येऊन बाकावर बसला होता. त्यानं उठून आबांच्या पायांना हात लावला. आबांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. साधना दुसरीकडे बघू लागली.

मंडळ अधिकारी बुद्धरत्न सोनकांबळे पन्नाशीचे होते, सावकाश बोलणारे. त्यांनी अर्ज दोन वेळा वाचला.

"तुमचं म्हणणं असं की वडिलांना समजत नाही?"

"समजतं, साहेब," साधना म्हणाली. "पण बोलायला शब्द एकच आहे. हो असलं तरी तोच, नाही असलं तरी तोच. माझी मुलगी दुभाषी आहे. तिच्या जपानी लोकांत हाच शब्द नुसतं 'ऐकलं' म्हणूनही वापरतात. मग कागदावर तो होकार म्हणून कसा धरायचा? दोन वर्षं मी यांच्याजवळ आहे. कोणता हाय कशाचा, ते मी सांगू शकते. दुसरं कुणी नाही सांगू शकत."

"तुम्ही सांगाल ते बरोबरच असेल," सोनकांबळे म्हणाले. "पण कागद त्यांचा आहे, म्हणून मी त्यांनाच विचारून बघतो. चालेल?"

ते टेबलाला वळसा घालून आले आणि खुर्ची ओढून सोपानरावांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले.

"नाव सोपानराव?"

"हाय."

"गाव आळंदी?"

सोपानराव पंख्याकडे बघत होते.

"दमलेत ते," साधना म्हणाली. "प्रवास झाला ना."

"असू द्या. थांबू आपण." ते थांबले. मग म्हणाले, "गाव चऱ्होली?"

"हाय."

"मालकीणबाईंचं नाव केसरबाई?"

उत्तर नाही. सोपानरावांच्या कपाळावर एक आठी आली.

सोनकांबळ्यांनी अर्जाबरोबरचा कागद पाहिला. "आक्काबाई?"

"हाय." त्यांचे डोळे भरून आले. साधना रुमाल घेऊन पुढं झाली, पण सोनकांबळ्यांनी हातानंच थांबायची खूण केली. घाई न करता ते विचारत गेले. नोकरी चाकणला? काही नाही. पिंपरीला? हाय. मुलं चार? काही नाही. दोन? हाय. आज सोमवार? काही नाही. बाहेर झेरॉक्सच्या यंत्राची खरखर चालू होती. ऋचा आईच्या मागं उभी होती. ती लक्ष देऊन आबांच्या ओठांकडे बघत होती.

"खालची जमीन विकायचीय?"

काही नाही.

"मुलगा आणि मुलगी, दोघांत वाटायचीय?"

काही नाही. साधनानं चाकाच्या खुर्चीची मूठ धरली होती, ती तिनं आणखी घट्ट धरली.

"मुलीला द्यायचीय? साधनाताईंना?"

सोपानरावांनी मान वळवली. पंख्याकडे नाही, साहेबांकडे नाही. त्यांनी सरळ तिच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, शिशुवर्गातल्या मुलानं पहिलं अक्षर म्हणावं म्हणून बघत राहायची तशी.

"जयदीपला द्यायचीय?"

"हाय."

"चुकायला नको," सोनकांबळे म्हणाले. "उलटं विचारतो. जयदीपला द्यायचीय?"

"हाय."

"साधनाताईंना?"

काही नाही.

"अंगठा तुम्ही राजीखुशीनं दिलात?"

"हाय."

तो आखूड नव्हता, लांबवलेला नव्हता, शेवटी वरही गेला नव्हता. दोन वर्षांत साधनानं हा हाय ऐकला नव्हता. पण त्याआधी पुष्कळदा ऐकला होता. धडधाकट असताना, बैलाचा किंवा कडब्याचा व्यवहार पक्का झाला की आबा समोरच्याच्या हातावर हात ठेवून असाच म्हणायचे.

सोनकांबळे परत आपल्या जागेवर जाऊन बसले.

"बाई," ते म्हणाले, "दस्त नोंदलेला आहे. तो खरा की खोटा, हे ठरवायचा अधिकार मला नाही. तुम्हाला न्यायालयात जाता येईल. मी आज जे पाहिलं ते लिहीन."

"नको," साधना म्हणाली. "हरकत मागं घेते मी."

"आई," ऋचा म्हणाली.

"कुठं सही करायची?"

तिनं सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

आबांना जयदीपच्या गाडीत बसवून ऋचा औषधाच्या दुकानात गेली. साधना आणि जयदीप गाडीच्या मागं उभे राहिले. त्यानं किल्ली बोटावर फिरवली, मग मुठीत धरली.

"मला वाटलं होतं, मी जिंकलो तर बरं वाटेल," तो म्हणाला.

साधनानं त्याच्याकडे पाहिलं.

"ताई, हे आत्ताचं नाही. झटका यायच्या आधी, त्या वर्षीच्या आखाडात, त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं. खालचं तू घे, कागद करून टाकू. मग हे सगळं झालं आणि राहून गेलं. मी तेव्हाच तुला सांगायला पाहिजे होतं. आबा म्हणाले, तिला मीच सांगीन."

"मग मला का म्हणाले होते?" साधनाचा आवाज चढला नाही. "विहिरीवर. तुझा हाय म्हणून. मी मागितलं नव्हतं काही."

"ते मीही विचारलं होतं त्यांना."

"काय म्हणाले?"

जयदीप गाडीच्या मागच्या काचेकडे बघत होता. काचेतून टोपी दिसत होती, स्थिर.

"म्हणाले, ती रडत होती रे."

रस्त्यावरून मालाचा कंटेनर गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत दोघं तशीच उभी होती. मग ऋचा औषधं घेऊन आली आणि साधना पुढच्या सीटवर बसली. घर येईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. मागून एकदा तुटका, आखूड आवाज आला. ऋचानं बाटली उघडून आबांच्या तोंडाला लावली.

त्या आठवड्यात तिनं सगळं नेहमीसारखं केलं. आंघोळ घातली, नखं काढली, सकाळी खिमट, संध्याकाळी पेज. फक्त बोलणं कमी झालं. सुनयनानं विचारलं, "दीदी, तबीयत ठीक है?" तेव्हा ती म्हणाली, ठीक है. बुधवारी तिनं शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात, सोमवारपासून येता येईल का. साधना म्हणाली, येता येईल. मग तिनं जयदीपच्या बायकोला, नीलिमाला, फोन केला. "आणा, ताई," नीलिमा म्हणाली. "म्हणजे, आम्हीच येतो न्यायला. शनिवारी. मला काय काय करायचं ते लिहून द्याल ना?"

शनिवारी दुपारी साधनानं वहीचा कागद फाडून घेतला आणि औषधांच्या वेळा लिहिल्या. खाली रेघ मारली. लिहिलं, 'आखूड हाय म्हणजे पाणी.' पुढचं वाक्य सुरू करायला तिनं पेन टेकवलं, आणि ते तसंच टेकलेलं राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग लिहिलेली ओळ तिनं खोडली. नीलिमाला लागेल ते नीलिमा शिकेल.

कपाटातून तिनं धोतरं काढली, बंड्या काढल्या, कानटोपी काढली. सोपानराव कॉटवर टेकून बसले होते. खिडकीतून खालचा तुकडा दिसत होता. तिथं आता कुणीतरी चुन्याच्या रेघा मारून गेलं होतं. ते तिकडे बघत होते की नुसते बघत होते, तिला कळलं नाही. हल्ली तिला पुष्कळ कळत नव्हतं.

ती पिशवी घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"आबा," ती म्हणाली. "सोमवारपासून माझी शाळा आहे. आता तुम्ही जयदीपकडं राहायचं. चिखलीला. चालेल ना?"

त्यांनी खिडकीवरून नजर काढली आणि तिच्याकडे पाहिलं.

एरवी ती म्हणाली असती, दमलात का, आणि पुढच्या कामाला लागली असती. आज ती थांबली. सोनकांबळे साहेब थांबले होते तशी, घाई न करता. मागच्या खोलीत सुनयनाच्या कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. सोपानराव तिच्याकडे बघत होते. डाव्या हातानं त्यांनी चादरीचं टोक धरलं होतं. ओठ मिटलेले होते.

बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. ओवी खाली उतरून कुणाला तरी हाका मारत होती.

साधनानं त्यांना पुन्हा विचारलं नाही. स्वेटरच्या बाह्या आत दुमडल्या, तो कानटोपीवर ठेवला आणि पिशवीची चेन ओढली.